अकरा कुंड्यांची आवक-जावक

“मुंबईला सहा ऋतू आहेत आणि ते सहाच्या सहा माझ्या दारावरून जातात!”

गुढीपाडव्याच्या सकाळी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, नुकत्याच उभारलेल्या गुढीला साक्ष ठेवून रघुवीर गोठोसकरांनी ही घोषणा केली. आवाज असा लागला की खालून जाणाऱ्या दूधवाल्याने सायकल थांबवून वर पाहिलं. घोषणेला शोभेल असा हातही त्यांनी आकाशाकडे उंचावला. दुर्दैवाने त्या हातात लतिकाबाईंनी मघाशीच दिलेली ओल्या कचऱ्याची पिशवी होती.

“जाताहेत तर त्यांच्याबरोबर एवढी पिशवी खाली जाऊ दे,” लतिकाबाई आतून म्हणाल्या. “गाडी आलीय.”

रघुवीररावांनी निवृत्तीपर्यंत चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. त्यातून त्यांची एका गोष्टीवर अढळ श्रद्धा बसली होती: ज्याला क्रमांक नाही, ते घडलेलंच नाही. लग्नात लतिकाबाईंनी गळ्यात घातलेल्या हाराची त्यांनी पोच दिली नाही, ती केवळ शिक्का कचेरीत राहिला होता म्हणून. आणि इथे निसर्ग वर्षानुवर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत विनाक्रमांक ये-जा करत होता! हे खपवून घेणं शक्य नव्हतं.

‘दत्तप्रसाद’ ही प्रभादेवीतली जुन्या पद्धतीची चार मजली इमारत. घरांसमोरून सलग गॅलरी, आणि गोठोसकरांचं दार नेमकं जिन्याला लागून. त्यामुळे चौथ्या मजल्यावर राहणारे, गच्चीवर पापड वाळत घालणारे आणि कुठेच जायचं नसताना उगाच जिना चढणारे, अशा सगळ्यांना त्यांच्या बागेवरूनच जावं लागे. बाग म्हणजे कठड्याशी मांडलेल्या अकरा कुंड्या. त्यांतल्या दोन पूर्वाश्रमीच्या रंगाच्या बादल्या होत्या आणि एक शिट्टी गेलेला कुकर. जास्वंद, तुळस, बेलाचं रोप, कढीपत्ता, गवती चहा, दुर्वा, मोगरा, झेंडू, गोकर्ण, कोरफड; आणि अकराव्या कुंडीत काय लावलं होतं ते कोणालाच आठवत नव्हतं. तिला पाणी मात्र रोज मिळे.

रघुवीररावांनी दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची लांबट वही आणली. रकाने आखले: दिनांक, कुंडी क्रमांक, ऋतू, काय गेलं, शेरा. ‘काय आलं’ हा रकाना त्यांनी आखला नाही. कचेरीत आवकेची वही वेगळी असते. निसर्गाची आवक पुढल्या वर्षी बघू, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या पानावर पहिली नोंद झाली: ‘कुंडी क्र. ११ : निरंक.’

ऋतू मात्र पुस्तकातल्यासारखे ओळीने येईनात. त्यांना मुंबईची सवय लागलेली. शेजारच्या खोलीत हितेंद्र राहायचा. चाळिशीचा, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि इमारतीतला पहिला एसीवाला. त्याच्या एसीचा बाहेरचा डबा गॅलरीत मोगऱ्याकडे तोंड करून बसवला होता. त्यामुळे मोगऱ्याला कार्तिकातही वैशाख वणवा वाटे आणि तो भलत्या महिन्यात घमघमे. त्याच एसीची पाण्याची नळी दुर्वांच्या कुंडीत उतरलेली. तिथे बारमाही श्रावण. एका कुंडीपासून दुसऱ्या कुंडीपर्यंत जाताना दोन पावलांत दोन ऋतू ओलांडावे लागत. रघुवीररावांनी प्रामाणिकपणे लिहिलं: ‘वाऱ्याची दिशा : हितेंद्रकडून.’

“काका, एवढं लिहिता कशाला?” हितेंद्र म्हणाला. “ॲप आहे ना. फोटो काढा, ते झाडाचं सगळं सांगतं.”

त्याने तिथल्या तिथे फोटो काढला. ॲपने कढीपत्त्याला कडुलिंब ठरवलं, कोरफडीला अननस, आणि मागे दोरीवर वाळत घातलेल्या लतिकाबाईंच्या हिरव्या साडीला केळीचं पान. शिवाय पानावर करपा पडलाय, असा इशाराही दिला.

“तो फोडणीचा डाग आहे,” लतिकाबाई म्हणाल्या. साडी त्यांनी त्या दिवसापासून आतल्या दोरीवर घातली.

चौथ्या मजल्यावरच्या गंगुबाई राऊळ सल्ला देताना ॲपच्या भानगडीत पडत नसत. त्यांचा नवरा लालबागच्या गिरणीत होता. गिरणी गेली, नवरा गेला, पण भोंगा जणू गंगुबाईंच्या गळ्यात राहिला.

“भावजी, तुमची झाडां उपाशी असत,” त्यांनी जिन्यातून सांगितलं. “मासळी धुतल्याला पाणी घाला. बघा कशी उठतत ती.”

रघुवीररावांनी घातलं. झाडं उठली की नाही ते कळायच्या आत तीन मांजरं येऊन बसली, आणि ती पुढे दीड महिना उठली नाहीत. वहीत ‘मार्जारागमन’ हा सातवा ऋतू नोंदवावा लागला.

पण खरी गंमत पुढेच होती. चैत्रापासून दिवाळीपर्यंतच्या नोंदी रघुवीररावांनी एका दुपारी एकत्र मांडल्या, आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. कढीपत्त्याची पानगळ दर रविवारी सकाळी होत होती. आठवडाभर एक पान हलायचं नाही. रविवारी साडेसातला झाड निम्मं. बेलाची पानं सोमवारी जात. जास्वंदीची फुलं मंगळवारी. गवती चहा पाऊस लागला की दोन फुटांवरून चार बोटांवर येई, आणि तोही दुपारी साडेतीन ते चारच्या दरम्यान. दुर्वांच्या कुंडीला गणेशचतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी टक्कल पडलं होतं. दसऱ्याला तर झेंडूने एका रात्रीत सर्वसंगपरित्याग केला होता.

दुसऱ्या कोणाच्या मनात इथे काही वेगळी शंका आली असती. पण रघुवीरराव आवक-जावकवाले. कागद का गेला, हा प्रश्न त्यांनी चौतीस वर्षांत कधी विचारला नव्हता. तो कधी गेला एवढंच त्यांचं काम. त्यांनी ठळक अक्षरात निष्कर्ष लिहिला: ‘महानगरातील वनस्पती ऋतू पाळत नसून पंचांग पाळतात.’ आणि या शोधाला त्यांनी नाव दिलं: पंचांगीय पानगळ.

“लतिका, आपला कढीपत्ता वार ओळखतो!”

“बरं झालं,” लतिकाबाई म्हणाल्या. “तुम्ही निवृत्त झाल्यापासून घरात ते कोणालाच कळत नव्हतं.”

शोध लागला, पण त्याला क्रमांक नव्हता. सरकारदरबारी नोंद नाही तर उद्या कोणीही उठून पंचांगीय पानगळ आपलीच म्हणेल. म्हणून रघुवीरराव झाडांची प्रकरणं पाहणाऱ्या एका कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “झाड पडलंय?”

“नाही.”

“पाडायचंय?”

“छे छे!”

“मग फांदी कोणाच्या खिडकीत गेलीय?”

“नाही हो. मला त्याची पानगळ फक्त नोंदवायची आहे.”

बाईंनी आता मान वर केली. “म्हणजे झाडाला काहीच झालेलं नाही.”

“नाही.”

“मग तुम्हाला काय झालंय?”

नुसतं बघण्यासाठी फॉर्म नव्हता. झाड कापण्यासाठी होता. एकीकडे सत्य, दुसरीकडे आवक क्रमांक. रघुवीररावांनी क्षणभर डोळे मिटले आणि आवक क्रमांकाची निवड केली. छाटणीचा फॉर्म भरून त्यांनी शेऱ्यात ठळक लिहिलं, ‘केवळ निरीक्षणार्थ’. उंचीच्या रकान्यात त्यांनी लतिकाबाईंच्या शिवणाच्या टेपने मोजलेला आकडा लिहिला: २७. पोच घेऊन, तिच्यावरचा शिक्का पुनःपुन्हा पाहत ते घरी आले. पाडव्यापासून इतकं प्रसन्न त्यांना वाटलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी इमारतीखाली मोठी गाडी थांबली. वर चार माणसं आली. खांद्यावर शिडी, दोराची वेटोळी, आणि एकाच्या हातात फांद्या कापायचं करवती मशीन.

“गोठोसकर कोन?” पुढच्याने विचारलं. तो टोळीचा मुकादम, रामदास. “झाड कुठंय?”

“हे,” रघुवीररावांनी कुकरकडे बोट केलं.

रामदासने कढीपत्त्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग उरलेलं झाड वर कुठे गेलंय का म्हणून आढ्याकडे पाहिलं. “सत्तावीस फुटी?”

“सत्तावीस इंच. फॉर्मवर इंचाची सोय नव्हती.”

“सायेब, शिडी आनली, दोर आनला, मशीन आनलं. खाली गाडीनं निम्मा रस्ता आडवलाय.”

“पण मी कापा म्हटलेलंच नाही! शेऱ्यात स्पष्ट लिहिलंय, केवळ निरीक्षणार्थ.”

“शेरा आमच्यापतुर येत न्हाई,” रामदास शांतपणे म्हणाला. “आमच्यापतुर ‘कापा’ एवढंच येतं. काम झाल्याचा फोटो लागतो. कायतरी कापाया लागंल.”

तोवर गॅलरी भरली होती. कोणी म्हणालं, गोठोसकरांनी परवानगीशिवाय वड लावला होता. हितेंद्र सेक्रेटरी या नात्याने धावत आला आणि कुंडीवर मशीन चालवायला सोसायटीची ना हरकत लागते का, ते उपविधीत शोधू लागला. नियमाप्रमाणे झाडाला आधी दोर बांधणं भाग होतं; तो बांधला. दोघांनी दोन बाजूंनी दोर ताणून धरला. मध्ये सव्वादोन फुटांचा कढीपत्ता.

“अगो बाय माझे!” जिन्यातून भोंगा झाला. “त्येका फाशी देतत काय?”

शेवटी तडजोड झाली. रामदासने एक डहाळी बोटांनी खुडली, मशीन हातात घेऊन शेजारी उभा राहिला, आणि फोटो निघाला. जाताना ती डहाळी त्याने खिशात घातली. “मंडळी म्हनत होती घरात कडीपत्ता न्हाई,” एवढंच तो बोलला. ‘बुधवारी पानगळ,’ रघुवीररावांनी खिन्नपणे लिहिलं. ‘शेरा : शासकीय अपवाद.’

ही बातमी संध्याकाळपर्यंत ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर पोचली. तिथे अवधूत सबनीस तिची वाटच पाहत होते. सबनीस सर म्हणजे दादरच्या शाळेत आयुष्यभर शास्त्र शिकवलेले गृहस्थ. तीन पिढ्यांना त्यांनी प्रकाशसंश्लेषण समजावलं होतं, आणि त्यांच्या घरात एकही कुंडी नव्हती.

“काय गोठोसकर, कढीपत्ता क्रेनने उतरवला म्हणे?”

रघुवीररावांनी स्वाभिमान गोळा केला आणि पंचांगीय पानगळ कट्ट्यासमोर मांडली. वारवार, तिथीवार. संघाचे अध्यक्ष अप्पा धारप, वय चौऱ्यांशी, यांनी कानाचं यंत्र नीट बसवून “पुन्हा सांगा” म्हटलं.

“थोतांड!” सबनीस म्हणाले. “शास्त्रात प्रयोग साक्षीदारांसमोर करून दाखवावा लागतो.”

“दाखवतो,” रघुवीरराव म्हणाले. म्हणजे जीभ म्हणाली, ते नंतर पोचले. “माघातल्या अंगारकीला या. सकाळी सात ते साडेसात. जास्वंदीवर एक फूल उरणार नाही.”

“आणि उरलं तर?”

“तर वही रद्दीत.”

“वही रद्दीत, आणि कट्ट्यावर तुम्ही पुन्हा ऋतू हा शब्द काढायचा नाही. ऊन लागलं तर ‘गरम होतंय’ म्हणायचं.”

अप्पांनी पैजेचं दुसरं टोक बांधलं: प्रयोग साधला तर संघाच्या वार्षिक मेळाव्यात शाल, श्रीफळ आणि शोधाचं जाहीर वाचन. चौतीस वर्षं रघुवीररावांनी दुसऱ्यांच्या सत्काराच्या पत्रांना जावक क्रमांक दिले होते. स्वतःच्या नावाचं एकही पत्र त्या टेबलावरून गेलं नव्हतं. त्या शालीचा रंगसुद्धा त्यांना दिसू लागला.

अंगारकीच्या आदल्या संध्याकाळी जास्वंदीवर नऊ टपोऱ्या कळ्या होत्या. रघुवीरराव वही पुसत बसले होते. बाहेर जिन्यात लतिकाबाई चौथ्या मजल्यावरच्या बायकांशी दबक्या आवाजात बोलत होत्या. “उद्या कोणीही हात लावायचा नाही हं. यांच्याकडे बाग बघायला मोठी माणसं यायचीत. झाड कसं भरलेलं दिसलं पाहिजे,” एवढं कानावर आलं. प्रयोगाची शिस्त शेवटी बायकोलाही पटली, या समाधानात रघुवीरराव जेवायला बसले.

अंगारकीला प्रभादेवीची हवाच वेगळी असते. पहाटेपासून देवळाची रांग गल्ल्या ओलांडत जाते आणि लाल जास्वंद उजाडायच्या आत बाजारातून अदृश्य होते. पावणेसातला साक्षीदार हजर झाले. अप्पा शाल पांघरून, सबनीस सर पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, हितेंद्र मोबाईल सरसावून. गंगुबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, तेव्हा त्या आल्याच होत्या.

जास्वंदीवर नऊच्या नऊ फुलं उमलली होती. लालबुंद, निर्लज्ज.

सात वाजले. एकही फूल पडलं नाही. सव्वासात झाले. रघुवीररावांनी जास्वंदीकडे अशा नजरेने पाहिलं की एखाद्या शिपायानेही फाईल हलवली असती. फुलं वाऱ्यावर डोलत राहिली.

“छान टिकलीत,” सबनीस गोड आवाजात म्हणाले.

“बाजारात आज औषधाला फूल नाही,” अप्पा पुटपुटले. “आमच्या हिने बजावलंय, लाल फुलाशिवाय घरात पाऊल टाकू नका.”

“आमच्या आईचंही तेच,” हितेंद्र म्हणाला.

“माझ्या गणपतीक तर सवयच हा,” गंगुबाई म्हणाल्या आणि जीभ चावून गप्प झाल्या.

सबनीस घड्याळाकडे बघत राहिले. पण सौ. सबनीस काल बाजारातून रिकाम्या हाताने परतल्या होत्या, आणि सरांच्या घरात प्रकाशसंश्लेषण सोडून सगळं सौ. सबनिसांच्या मर्जीने चाले.

सात पंचवीस. मेळावा दूर गेला, शाल दूर गेली, रद्दीवाल्याचा तराजू दिसू लागला. तेवढ्यात लतिकाबाईंनी आतून हाक मारली, “अहो, चहा न्या बघू!” रघुवीररावांना वाटलं, बरं झालं, निदान हरताना हात रिकामे नकोत. ते आत गेले. स्वयंपाकघरातून ट्रे उचलला, एक कप हिंदकळला, लतिकाबाईंनी बशी बदलून दिली. सगळं मिळून दोन मिनिटं.

ते बाहेर आले आणि ट्रे हातात तसाच राहिला.

झाडावर एकही फूल नव्हतं.

“गेली!” रघुवीरराव ओरडले. “सात सत्तावीस! अप्पा, गेली!”

“गेली खरी,” अप्पा म्हणाले.

“कशी गेली? तुम्ही पाहिलंत? आपोआप?”

“वारा,” अप्पा म्हणाले.

“मी रेकॉर्डच करत होतो काका,” हितेंद्र म्हणाला, “पण मोबाईलची जागा नेमकी भरली.”

“अंगारकी ती. देवाची करणी,” गंगुबाईंनी पदर सावरत आकाशाकडे हात जोडले, म्हणजे एकच हात जोडला.

रघुवीररावांनी आनंदाने चहा पुढे केला. अप्पांनी घेतला नाही. “ठेवा तिथे,” ते म्हणाले. त्यांचे दोन्ही हात शालीत होते. हितेंद्र पाठ भिंतीला न टेकता, कवायतीतल्यासारखा ताठ उभा होता. पण रघुवीररावांना काही दिसत नव्हतं. त्यांनी वही उघडली, आणि सरळ सबनिसांसमोर धरली.

“साक्षीदाराची सही.”

सबनिसांनी वरच्या खिशातलं पेन काढलं. सही केली. आणि त्या शुभ्र, कडक इस्त्रीच्या खिशावर, पेन निघालं त्याच जागी, एक जांभळट लाल डाग हळूहळू पसरू लागला. खिशाच्या काठावर एक पिवळा तुरा वाकून बाहेर बघत होता.

रघुवीररावांनी डागाकडे पाहिलं. मग अप्पांच्या शालीकडे. मग हितेंद्रच्या पाठीकडे. मग गंगुबाईंच्या पदराकडे. दोनशे पानांची वही त्यांच्या डोळ्यांसमोरून उलटी फडफडत गेली. रविवारी सकाळी सगळ्या मजल्यांवर दरवळणारी उपम्याची फोडणी. पावसाळ्यातल्या दुपारी चौथ्या मजल्यावरून येणारा चहाचा वास. दसऱ्याला हितेंद्रच्या दारावरचं तोरण, ज्याचं त्यांनी स्वतः तोंडभरून कौतुक केलं होतं. जगाच्या पाठीवर पंचांग पाळणारी एकच वनस्पती निघाली, आणि ती ‘दत्तप्रसाद’मध्ये दोन पायांवर फिरत होती.

कोणी हलेना. रघुवीररावांनी घसा खाकरला.

“सर, सहीखाली पूर्ण नाव लिहा. आणि पुढे हुद्दा.”

“हुद्दा? साक्षीदार ना?”

“नाही,” रघुवीरराव म्हणाले. “लाभार्थी.”

आधी गंगुबाईंना फुटलं. त्या पायरीवर बसल्या बसल्या अशा हसल्या की पदरातून तीन फुलं निसटून खाली आली. अप्पांनी शालीतून हात काढले: दोन. हितेंद्रने मागच्या खिशातून चेपलेली दोन काढली. सबनिसांनी, तीन पिढ्यांकडे पाठ करून, खिशातलं एक. सगळी वहीवर मांडली.

“आठ,” रघुवीरराव म्हणाले. “मी नऊ मोजली होती.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग उघड्या खिडकीतून आत पाहिलं. देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या माथ्यावर नववं फूल होतं.

“माझ्या मेलीच्या घरात अंगारकी नाही की काय?” लतिकाबाई म्हणाल्या. “तुम्ही ट्रे घेऊन वळलात, तेवढ्यात खिडकीतून घेतलं. माझ्याआधी बाकीच्यांनी हात मारला होता.”

वहीचं काय, हा प्रश्न सबनिसांनी स्वतःच सोडवला. खिशावरचा डाग हाताने झाकून. “तसं पाहिलं तर,” ते म्हणाले, “पैज फुलं जाण्याची होती. ती गेली. का गेली, हा प्रश्न कट्ट्यापुढे नव्हताच.” अप्पांनी लगेच निर्णय दिला: सत्कार होणार. शोधाच्या वाचनात कारणमीमांसेचा भाग मात्र वेळेअभावी गाळावा. मग ज्याने त्याने आपापलं फूल पुन्हा उचललं आणि मंडळी पांगली.

रघुवीरराव खुर्चीत बसले. “लतिका, वर्षभर माझी बाग लुटत होते. आणि तुला माहीत होतं!”

“लुटतील कशाला? मला विचारूनच नेतात.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही वहीत लिहीत होतात. मला वाटलं, कोणी काय नेलं तेच लिहिता.” त्या साबुदाणा निवडत होत्या. “आणि नेतात ते दिसतं. येतं ते दिसत नाही. वर्षभर दर चतुर्थीला मोदक खाल्लेत, ते कुठून आले?”

“तू केलेस.”

“मी? मला उकड येते? एकदा केली होती, तेव्हा तुम्हीच तिच्यावर ‘परत पाठवावे’ असा शेरा मारला होता. मोदक गंगुबाईंचे. रविवारचा उपमा हितेंद्रच्या आईचा. दसऱ्याचं श्रीखंड दुसऱ्या मजल्यावरचं. तुम्हाला ताप आला तेव्हा गवती चहाचा काढा चौथ्या मजल्यावरून आला, आपल्याच गवती चहाचा.”

रघुवीररावांनी वहीचे रकाने पुन्हा एकदा पाहिले. चौतीस वर्षं ज्याने आवक आणि जावक दोन्ही सांभाळली, त्याने घरी आल्यावर फक्त जावक लिहिली. आवक आली तशी खाऊन टाकली. कचेरीत अशा चुकीवर लेखी खुलासा मागवत.

संध्याकाळी खुलासे आपण होऊन आले. गंगुबाईंनी एकवीस मोदक पाठवले, झाकणावर एक बेलाचं पान ठेवून; ते पान कोणत्या कुंडीतलं हे रघुवीररावांनी ओळखलं, पण विचारलं नाही. हितेंद्रच्या आईने खोबऱ्याच्या वड्या दिल्या. सबनीस सरांनी डब्यातून ओल्या नारळाची करंजी धाडली, सोबत चिठ्ठी: ‘जास्वंदीची एक काडी लावण्यासाठी मिळेल का? सौ. म्हणते, आपल्याही घरी असावी.’ सगळं ताटात मांडून ठेवलं होतं, चंद्रोदयाला अजून दोन तास होते, आणि वास घरभर फिरत होता. यापेक्षा कठोर निरीक्षण रघुवीररावांनी वर्षभरात केलं नव्हतं.

मन दुसरीकडे वळवायला ते गॅलरीत गेले. कुकरमधला कढीपत्ता परवाच्या रविवारपासून बोडका उभा होता. त्यांनी सवयीने वाकून पाहिलं आणि चष्मा पुसला. अगदी शेंड्याला तांबूस, नखाएवढा कोंब आला होता. कोणी मागितला नव्हता, कोणी नेला नव्हता, रविवारही नव्हता. आला होता, एवढंच.

“लतिका!” रघुवीरराव आत धावले. वही उघडली, पट्टी घेतली, आणि ‘काय गेलं’च्या शेजारी एक नवा रकाना आखला. “लतिका, वसंत आला! आवक क्रमांक एक! आता बघ, या वहीचा दुसरा खंड... निसर्ग आणि माणूस यांच्यातला हा सगळा पत्रव्यवहार...”

“हो हो,” लतिकाबाईंनी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि कापडी पिशवी दिली. “आमटीला फोडणी द्यायचीय. खाली जाऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून कढीपत्त्याच्या दोन काड्या आणा. आणि त्याला ऋतू समजावत बसू नका.”